खोकी उघडणाऱ्यांचा छंद

बोर्ड गेमचा छंद म्हणजे पटावरचे खेळ विकत घेणे, त्यांची खोकी उघडणे, त्यांविषयी मत बनवणे, ते मत चारचौघांना ऐकवणे आणि सवड मिळाली तर ते खेळणे. हा क्रम महत्त्वाचा आहे. बाहेरच्या माणसाला वाटते की यातले शेवटचे काम मुख्य आणि आधीची सगळी पूर्वतयारी. या छंदात वर्षभर काढलेला माणूस असे म्हणणार नाही. खेळायला चार माणसे लागतात, तीन तास लागतात, मोठे टेबल लागते. मत बनवायला एकटा माणूस पुरतो आणि टेबलही लागत नाही.

हे खेळ म्हणजे सापशिडी, ल्यूडो किंवा ‘व्यापार’ नव्हेत, हे आधीच सांगितलेले बरे. छंदिष्टाच्या कपाटाकडे पाहून पाहुण्याने "म्हणजे ल्यूडोसारखंच ना?" असे विचारले, की शास्त्रीय गायकाला ‘एखादं सिनेमातलं होऊन जाऊ द्या’ म्हटल्यावर त्याचा चेहरा होतो तसा छंदिष्टाचा होतो. सापशिडीत खेळणाऱ्याला एकही निर्णय घ्यावा लागत नाही. दान पडेल तितकी घरे जायचे, शिडी आली की चढायचे, साप आला की उतरायचे. मोक्षपट या तिच्या जुन्या रूपाचा संबंध परंपरा थेट ज्ञानेश्वरांशी जोडते. पापपुण्याचा हिशेब शिकवायला तो पट ठीक होता, पण छंदिष्टाला मोक्ष स्वतःच्या डोक्याने मिळवायचा असतो. ‘व्यापार’चे मूळ अमेरिकेत आहे. एलिझाबेथ मॅगी या बाईंनी 1904 साली ‘लँडलॉर्ड्स गेम’चे पेटंट घेतले. जमीनदार भाडे खाऊन गब्बर कसे होतात आणि बाकीचे कंगाल कसे होतात, हे लोकांना कळावे, हा त्यांचा हेतू होता. लोकांना ते कळले आणि फार आवडले. त्यातूनच पुढे 1935 मध्ये पार्कर ब्रदर्सने ‘मोनोपॉली’ बाजारात आणला. छंदिष्टांचा या खेळावर राग आहे तो नैतिक कारणासाठी नव्हे. पहिल्या तासात ज्याचे दिवाळे निघते त्याला पुढचे दोन तास इतरांना पाणी आणून द्यावे लागते, हे त्यांचे गाऱ्हाणे आहे.

या दुखण्यावर औषध काढले जर्मनांनी. तिथे 1979 पासून दरवर्षी ‘श्पील देस यारेस’ म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार दिला जातो आणि तो मिळाला की खोक्यावर लाल सोंगटीचे चिन्ह झळकते. 1995 चा पुरस्कार ‘कॅटन’ला मिळाला. तो रचणारे क्लाउस टॉयबर हे दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ. दिवसभर लोकांच्या जबड्यांची मापे घेऊन कंटाळलेला हा माणूस रात्री तळघरात खेळ रचत बसे. कॅटनचे बेट 19 षटकोनी तुकड्यांचे असते. त्यावर लाकूड, विटा, लोकर, धान्य आणि खनिज पिकते, आणि आपल्याकडे नाही ते शेजाऱ्याकडून अदलाबदलीने मिळवावे लागते. कोणी बाद होत नाही. शेवटपर्यंत सगळ्यांना आशा असते आणि शेवटपर्यंत कोणाकडेही वीट नसते. "दोन मेंढ्या देतो, एक वीट दे" हे वाक्य मंडईत घासाघीस करण्याची तीस वर्षांची साधना असलेल्या मावशींना पहिल्याच डावात जमते. संगणक अभियंत्यांना ते शिकवावे लागते.

छंदाचा खरा प्रारंभ खरेदीपासून होतो. जर्मनीतल्या एसेन शहरात दर ऑक्टोबरात ‘श्पील’ नावाचे प्रदर्शन भरते. 1983 पासून ते भरत आले आहे. चार दिवसांत दोन लाखांच्या आसपास माणसे येऊन जातात आणि हजाराहून अधिक नवे खेळ मांडले जातात. म्हणजे रोज दोन खेळले तरी एका ऑक्टोबराचा माल पुढच्या ऑक्टोबरापर्यंत संपत नाही, आणि संपायच्या आत पुढचे हजार येतात. ठाण्यातला किंवा कोथरूडमधला छंदिष्ट एसेनला क्वचितच जातो. त्याची गंगा न्यू जर्सीहून वाहते. परदेशातले नातेवाईक येताना पूर्वी चॉकलेटे आणि अत्तर आणत. आता त्यांना महिनाभर आधी फोन येतो. आयझॅक चिल्ड्रेस यांचा 2017 सालचा ‘ग्लूमहेवन’ हा खेळ सुमारे 10 किलोचा आहे आणि विमानात एका बॅगेला बहुधा 23 किलोची मर्यादा असते.

"अरे, दहा किलो? आत काय दगड भरलेत?"

"आत्या, राक्षस आहेत. पुठ्ठ्याचे. आणि पंच्याण्णव प्रसंग आहेत."

"मग तुझ्या काकांचं बीपीचं मशीन कशात आणू?"

आत्या शेवटी खेळच आणतात. ग्लूमहेवनचे 95 प्रसंग पूर्ण करायचे तर तेच चार सवंगडी वर्ष-दोन वर्षे दर आठवड्याला जमायला हवेत. विशी-पंचविशीतल्या चौघांपैकी एक बंगळुरूला जातो, एकाचे लग्न होते आणि तिसरा फोन उचलत नाही. खोके सातव्या प्रसंगावर थांबते. याच खेळाचा पुढचा भाग ‘फ्रॉस्टहेवन’ 2020 मध्ये किकस्टार्टर या आगाऊ वर्गणी जमवणाऱ्या संकेतस्थळावर आला तेव्हा लोकांनी सुमारे 1 कोटी 30 लाख डॉलर आगाऊ भरले. पहिल्या भागातला आठवा प्रसंग ज्यांनी पाहिला नव्हता तेही त्यात हिरिरीने होते. खेळ हाती पडायला 2022 ची वर्षअखेर उजाडली. मधल्या काळात पैसे भरणाऱ्यांनी या खेळाविषयी पुष्कळ आणि ठाम मते मांडली.

घरी आलेले खोके उघडणे हा छंदातला सर्वांत निर्भेळ आनंदाचा टप्पा आहे. त्यात अजून कोणी हरलेले नसते. वरचा पारदर्शक कागद सुरीच्या टोकाने एका कडेवर चिरतात आणि झाकण हळूहळू वर घेतात. चांगल्या खोक्याचे झाकण हवा धरून ठेवते आणि सुस्कारा टाकत उघडते. मग शाईचा वास घेतला जातो. पुठ्ठ्याच्या तक्त्यांतून नाणी, विटा, शेळ्या अंगठ्याने दाबून एकेक काढायच्या असतात. हे काम छंदिष्ट कोणाला करू देत नाही. अपवाद म्हणून घरातल्या लहान मुलीला एका कोपऱ्यातल्या दोन शेळ्या काढायला मिळतात. रिकामे तक्ते टाकून द्यायचे की खोक्याच्या तळाशी ठेवायचे, यावर या पंथात दोन मठ आहेत. लाकडी ठोकळे यादीशी ताडून मोजले जातात. एक निळा ठोकळा जास्त निघाला तर त्याचे काय करावे, हे कोणालाच कळत नाही. तोवर स्वयंपाकघरातून "पानं घ्यायचीत, आवरा ते" अशी हाक आलेली असते.

नंतर पत्त्यांना कव्हरे घालतात. पत्त्यांचे एक प्रचलित माप 63.5 बाय 88 मिलिमीटर आहे. छंदिष्टाला हे अर्ध्या मिलिमीटरसकट पाठ असते, स्वतःच्या शर्टाचे माप मात्र बायकोला विचारावे लागते. डोनाल्ड व्हाकारिनो यांच्या ‘डोमिनियन’मध्ये (2008) 500 पत्ते आहेत. म्हणजे 500 कव्हरे आणि दोन संध्याकाळी. टीव्हीच्या रिमोटला आलेले प्लॅस्टिक वर्षानुवर्षे न काढणाऱ्या समाजात ही रीत चटकन रुजली, यात नवल नाही. पंचाईत झाली ती उलट्या जातीच्या खेळांची. रॉब डॅव्हियो यांनी 2011 मध्ये ‘रिस्क लेगसी’ हा खेळ काढला. त्यात पटावर कायमचे स्टिकर चिकटवायचे असतात, नावे लिहायची असतात आणि काही पत्ते चक्क फाडून फेकायचे असतात. भेटवस्तूवरचा रंगीत कागदही सोडवून, घडी घालून गादीखाली ठेवणाऱ्या घरात पत्ता फाडणे हे घोर पातक आहे. मराठी टेबलावर तो पत्ता ‘फाडला असे समजून’ एका पाकिटात जातो, पाकिटावर ‘फाडलेले पत्ते’ असे लिहिले जाते आणि ते पाकीट जपून ठेवतात.

पहिले मत याच टप्प्यावर जाहीर होते. ते पुठ्ठ्याविषयी असते. पुठ्ठा जाड असेल तर खेळ चांगला आहे, लाकडी सोंगट्या वजनदार असतील तर तो खोल आहे आणि खोक्यात सामान ठेवायला नीट कप्पे असतील तर प्रकाशकाने खेळाडूचा विचार केला आहे, असे मानतात. ही कसोटी अगदीच खुळी नाही. याकोब फ्रिक्सेलियस यांच्या ‘टेराफॉर्मिंग मार्स’मध्ये (2016) मंगळाचे तापमान 8 अंशांवर आणि प्राणवायू 14 टक्क्यांवर न्यायचा असतो. प्रत्येकाचे उत्पन्न पातळ तक्त्यावर ठेवलेल्या चकचकीत ठोकळ्यांनी मोजतात. दोन तासांनी कोणाच्या तरी कोपराचा धक्का लागतो आणि एका ग्रहाची अर्थव्यवस्था चहाच्या कपाकडे घरंगळते. तरीही हा खेळ जगभर नावाजला गेला. त्यामुळे पुठ्ठ्यावरून काढलेल्या निष्कर्षांचा पाया ठिसूळ आहे, पण हे कोणी मनावर घेत नाही.

खेळण्यापूर्वी नियम समजावून सांगावे लागतात. इथे छंदाचा सर्वांत कठीण घाट लागतो. नियमपुस्तिका यजमानाने रात्री जागून वाचलेली असते. त्याला सगळे माहीत असते आणि ते सगळे एकदम सांगायचे असते. श्रोत्याला फक्त जिंकायचे कसे तेवढे हवे असते. पाचव्या मिनिटाला कोणीतरी "खेळता खेळता कळेल" म्हणतो. दहाव्या मिनिटाला चहाचा विषय निघतो. पंधराव्या मिनिटाला, आतापर्यंत हो-हो करणाऱ्या माणसाने "पण हे निळे कशाचे आहेत?" असे विचारले की पहिल्यापासून सुरुवात होते.

उवे रोझेनबर्ग यांचा ‘अ‍ॅग्रिकोला’ (2007) या बाबतीत विशेष अभ्यासण्यासारखा आहे. सतराव्या शतकातल्या मध्य युरोपातले शेतकरी जोडपे, दोन खोल्यांचे लाकडी घर, 14 फेऱ्या आणि 6 सुग्या असा त्याचा पसारा असतो. दर सुगीला घरातल्यांना जेवू घालावे लागते. पोटापाण्यासाठी गावची शेती सोडून शहरात आलेल्या घराण्यांचे नातू रविवारी दुपारी तीन तास हीच शेती करतात आणि त्यासाठी पैसे मोजतात. अशा बैठकीला साताऱ्याहून आलेले काका सापडले तर नियम पुढे सरकत नाहीत.

"काका, इथे नांगरायचं. मग एक दाणा पेरला की वर दोन मिळतात. म्हणजे एकूण तीन."

"एकाला तीन? मग बियाण्याचा तरी खर्च निघतो का रे?"

"काका, खेळ आहे."

"बरं. पाऊस कुठे धरायचा?"

"पाऊस नाहीये यात."

"पाऊस नाही?" काका पटाकडे नीट वाकून पाहतात. "आणि खायला कमी पडलं तर?"

"तर भिकेचं कार्ड मिळतं. उणे तीन गुण."

"हां. एवढं बरोबर आहे."

प्रत्यक्ष डावात खेळाडूंचे जे प्रकार दिसतात त्यांतला विचारवंत सर्वत्र आढळतो. त्याची पाळी आली की इतर उठून गॅलरीत जातात. सगळे मिळून खेळायच्या खेळांत वेगळीच अडचण येते. मॅट लीकॉक यांच्या ‘पँडेमिक’मध्ये (2008) खेळाडू एकमेकांविरुद्ध नसतात, सगळे मिळून साथींशी लढतात. पटावर मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई अशी आपली चार शहरे आहेत. चौघांनी विचारविनिमय करावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात एकजण सगळ्यांच्या चाली ठरवतो, "तू कैरोला जा, तू इथेच थांब, वहिनी तुम्ही ते पत्ते मला द्या" असे फर्मान काढतो आणि जग वाचल्यावर "आपण सगळ्यांनी मिळून केलं" असे म्हणतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हा खेळ शिकवावा लागत नाही. लिंबूटिंबूची सोय मात्र कोणत्याही जर्मन नियमपुस्तिकेत नाही. खोक्यावर ‘वय वर्षे 10 आणि पुढे’ असे छापलेले असते. घरात सहा वर्षांचे पोर असते आणि त्याला खेळायचेच असते. त्याला ‘कार्कासोन’मधल्या लाकडी माणसांचा उरलासुरला ताफा देऊन बाजूला बसवतात. हा ताफा पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत सोफ्याखाली सापडतो.

डाव संपला की दुसरे मत येते, आणि या छंदाचे सगळे वाङ्मय या दुसऱ्या मताचे आहे. त्याची सुरुवात ठरलेली असते: एका डावावरून मत देणे योग्य नाही, निदान पाच डाव तरी व्हायला हवेत. हे मान्य करून झाल्यावर मत दिले जाते. मताचा सूर डावाच्या निकालावर अवलंबून असतो, पण ते कबूल करण्याची पद्धत नाही. जिंकणाऱ्याला खेळात ‘निर्णयांना भरपूर वाव’ दिसतो. हरणाऱ्याला तोच खेळ ‘संतुलित वाटत नाही’. दुसरा आलेला म्हणतो की शेवटच्या फेरीत नशिबाचा भाग जरा जास्त झाला. पूर्वी अंगणात याला रडीचा डाव म्हणत आणि विषय तिथेच मिटे. आता त्याचे विश्लेषण होते, आणि विश्लेषणाला कोणी रड म्हणत नाही.

मत मांडताना नवा खेळ नेहमी दोन जुन्या खेळांची बेरीज म्हणून सांगतात. तो ‘अझुल’सारखा असतो पण त्यात ‘विंगस्पॅन’चे इंजिन असते. ऐकणाऱ्याने ते दोन्ही खेळलेले नसतील तर त्याच्या हाती काहीच लागत नाही. खेळलेले असतील तर तिसरा घ्यायची गरज नाही, एवढे कळते. पण घेतला जातो. गुण देण्याचीही रीत आहे. दहापैकी साडेसात हा या जगातला सर्वमान्य आकडा आहे. पदरचे पैसे घालून आणलेल्या खेळाला सातच्या खाली गुण देणे म्हणजे स्वतःच्या अकलेला सातच्या खाली गुण देणे, आणि नऊच्या वर दिले तर पुढचा खेळ घ्यायला कारण उरत नाही. मित्राने आणलेल्या खेळाला मात्र सहा सहज देता येतात. ऐकणारे तरी कुठे माहितीसाठी ऐकत असतात? आपणही तो घ्यावा का, किंवा न घेतल्याबद्दल समाधान मानावे का, एवढेच त्यांना ठरवायचे असते.

क्वचित मतभेदाला खरा आशय लाभतो. झैन मेमन यांनी रचलेला ‘शासन’ हा भारतीय खेळ 2019 मध्ये किकस्टार्टरवर आला. त्यात निधी, दबदबा, माध्यमे आणि लोकविश्वास या चार गोष्टी जमवून मतदार गोळा करायचे, मतदारसंघ आपल्या बाजूला फिरवायचे आणि गरजेपुरत्या युत्या करायच्या असतात. त्याच वर्षाच्या अखेरीस महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक होऊन पुढे जे काही घडले, त्यानंतर इथल्या खेळाडूंनी ‘शासन’विषयी एकच तक्रार केली तर ती समजण्यासारखी आहे: नियम फार आहेत.

वेळेचा प्रश्न या छंदात कोणी काढत नाही. ‘ट्वायलाइट इम्पीरियम’च्या एका डावाला सहा-आठ तास लागतात, म्हणजे सत्यनारायणाची पूजा, प्रसाद आणि पंगत आटोपून वर थोडे उरतात. रिचर्ड बर्ग यांचा 1979 चा ‘द कँपेन फॉर नॉर्थ आफ्रिका’ हा युद्धखेळ दहा जणांनी खेळायचा आहे आणि तो पूर्ण व्हायला सुमारे 1,500 तास लागतात असे सांगतात. दर रविवारी तीन तास बसले तर साडेनऊ वर्षे होतात. त्यात इटलीच्या सैनिकांना पास्ता उकळण्यासाठी जादा पाणी पुरवावे, असाही नियम आहे. हा खेळ पूर्ण खेळलेली माणसे शोधून सापडत नाहीत. त्यावर मत असलेली मात्र कुठेही सापडतात.

मत देऊन झालेला खेळ कपाटात जातो. जगभरच्या छंदिष्टांचे लाडके कपाट म्हणजे आयकियाचे ‘कॅलॅक्स’. त्याचा एकेक चौकोनी कप्पा साधारण 33 सेंटिमीटरचा आहे आणि प्रचलित चौरस खोकी त्यात चपखल बसतात. नवी मुंबईत आयकियाचे दुकान 2020 च्या डिसेंबरात उघडले, तोवर इथले खेळ माळ्यावर लोणच्याच्या बरण्यांशेजारी राहत. खोकी उभी ठेवावीत की आडवी, यावर माणसे तासभर बोलू शकतात. उभी ठेवली तर आतले सामान सांडते, आडवी ठेवली तर खालचे खोके काढायला वरची सहा उतरवावी लागतात, म्हणून खालचे खोके निघतच नाही. न खेळलेल्या खेळांची ही चळत छंदात लज्जास्पद मानतात आणि तिचे फोटो काढून सगळ्यांना दाखवतात.

तिसरे आणि शेवटचे मत खेळ विकायला काढताना व्यक्त होते. "अप्रतिम खेळ, फक्त आमच्या ग्रुपला मानवला नाही. एकदाच खेळलेला. पत्त्यांना कव्हरे घातलेली आहेत." पहिल्या दोन मतांपेक्षा यात खरेपणा जास्त असतो, निदान ‘एकदाच खेळलेला’ हे शब्द तरी निःसंशय खरे असतात. विकत घेणारा ते खोके घरी नेतो, उघडतो, वास घेतो आणि ठोकळे मोजतो. एक निळा ठोकळा अजूनही जास्त भरतो.

ज्यांना फक्त खेळण्यातच रस आहे त्यांच्यासाठी मुंबई-पुण्यात बोर्ड गेम कॅफे आहेत. तिथे पैसे भरून बसता येते, खेळ मांडून मिळतो, नियमही सांगणारा असतो आणि उठताना आवरावे लागत नाही. खोके मात्र घरी नेता येत नाही, त्यामुळे हाडाचे छंदिष्ट तिथे फार वेळ थांबत नाहीत.